जखमी निवृत्त: किंग्स्टन १९७६ आणि ‘खेळत राहण्या’चा इतिहास

जुनवानीहून, म्हणजे छत्तीसगडातल्या भिलाईहून बोलते आहे. आजचा विषय खेळाचा आहे, पण मी तो इतिहास म्हणून सांगणार आहे. दुखापत झालेली असताना खेळाडू मैदानात का उतरतो? तो स्वतः ठरवतो, की त्याच्यासाठी आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं?

अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजी केली, बरगड्या मोडल्या तरी उभा राहिला, नाकातून रक्त आलं तरी बाहेर गेला नाही. प्रत्येक गोष्ट टाळ्यांवर संपते. टाळ्या वाजवायला माझी ना नाही. पण टाळ्या थांबल्यावर जे उरतं, तेही बघायला हवं. त्यासाठी आज आपण एका मराठी घरापासून सुरुवात करू. हे घर महाराष्ट्रातलं नाही, बडोद्याचं आहे. मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर कुठे कुठे रुजला हे आम्हा भिलाईकरांना वेगळं सांगायला नको.

बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड १९५९ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार होते. त्या दौऱ्यातल्या लॉर्ड्सच्या कसोटीत ते स्वतः आजारपणामुळे खेळू शकले नाहीत आणि पंकज रॉय यांनी नेतृत्व केलं. ती कसोटी लक्षात राहिली नरी कॉन्ट्रॅक्टरमुळे. ब्रायन स्टॅथमच्या चेंडूनं त्याच्या बरगड्या मोडल्या आणि तशाच अवस्थेत त्यानं ८१ धावा केल्या. भारताचा सगळा डाव १६८ धावांचा, त्यातल्या ८१ या एकट्याच्या. दुसऱ्या डावात सलामीला जाणं शक्यच नव्हतं, तरी तो खालच्या क्रमांकावर उतरला.

(क्रिकेटपटूंना आपण घरातल्यासारखं एकेरीत बोलावतो. मीही तसंच बोलणार आहे, त्यात अनादर नाही.)

हा ८१ चा आकडा लक्षात ठेवा. सतरा वर्षांनी, दत्ताजीरावांच्याच मुलाच्या नावापुढे तो पुन्हा येणार आहे.

मधल्या काळातली एक घटना सांगायलाच हवी. मार्च १९६२. कॉन्ट्रॅक्टर आता भारताचा कर्णधार आहे आणि संघ वेस्ट इंडीजमध्ये आहे. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली. शस्त्रक्रियेसाठी रक्त लागलं, तेव्हा चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं, आणि प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यानंही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचला. पण पुन्हा कधीही कसोटी खेळला नाही.

आता विचार करा. लॉर्ड्सचा कॉन्ट्रॅक्टर आणि बार्बाडोसचा कॉन्ट्रॅक्टर एकच माणूस. धैर्य तेच, तंत्र तेच. फरक इतकाच की एकदा चेंडू बरगडीवर बसला आणि एकदा डोक्यावर. पहिल्या गोष्टीला आपण पराक्रम म्हणतो, दुसरीला अपघात. चेंडू कुठे लागावा हे फलंदाजाच्या हातात कितीसं असतं?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. साल १९७६.

अंशुमन गायकवाड, दत्ताजीरावांचा मुलगा. जन्म मुंबईचा, सप्टेंबर १९५२ चा, क्रिकेट बडोद्याचं. चष्मा लावून खेळणारा, शांत, चिवट फलंदाज. त्याचं कसोटी पदार्पण डिसेंबर १९७४ मध्ये कलकत्त्यात, वेस्ट इंडीजविरुद्ध झालं. त्या पहिल्याच कसोटीत त्यानं काय पाहिलं असेल? कर्णधार टायगर पतौडीच्या हनुवटीवर अँडी रॉबर्ट्सचा चेंडू बसला, पतौडी बाहेर गेला आणि टाके घालून पुन्हा खेळायला आला. हाच पतौडी, ज्यानं मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावली होती आणि तरीही १९६७-६८ च्या मालिकेत मेलबर्नला, मांडीचा स्नायू दुखावलेला असताना, ७५ आणि ८५ धावा काढल्या होत्या. म्हणजे संघात नव्यानं आलेल्या मुलाला पहिला धडा काय मिळाला? जखमी झालास तर बाहेर जा, टाके घे आणि परत ये. असा धडा तोंडानं कुणी शिकवत नाही. समोर घडतं, मुलं बघतात आणि शिकतात.

१९७५-७६ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ ऑस्ट्रेलियात ५-१ असा सपाटून हरला होता. लिली आणि थॉमसन यांच्या वेगापुढे त्यांची फलंदाजी कोसळली होती. कर्णधार क्लाइव्ह लॉइड तो मार विसरला नव्हता. त्यानंतर लगेच भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला. तिसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला झाली. लॉइडनं त्या सामन्यात तीन फिरकी गोलंदाज खेळवले आणि भारतापुढे ४०३ धावांचं लक्ष्य ठेवलं. १२ एप्रिल १९७६ रोजी भारतानं ४ बाद ४०६ धावा करून सामना जिंकला. गावस्करचं शतक, विश्वनाथचं शतक, मोहिंदर अमरनाथच्या ८५. कसोटीत चारशेपेक्षा जास्त धावा करून जिंकल्याचं त्याआधी एकच उदाहरण होतं, १९४८ साली लीड्सला ब्रॅडमनच्या संघाचं.

मालिका बरोबरीत आली. लॉइडवर टीकेचा भडिमार झाला. आणि नऊ दिवसांनी, २१ एप्रिलला, जमैकातल्या किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर चौथी कसोटी सुरू झाली. आता फिरकीचा भरवसा उरला नव्हता. तरुण मायकेल होल्डिंग घरच्या मैदानावर खेळत होता आणि खेळपट्टीवर चेंडू कधी उसळेल याचा नेम नव्हता.

इथे आजच्या पिढीसाठी तीन गोष्टी सांगते. १९७६ मध्ये हेल्मेट नव्हतं. कसोटीत हेल्मेट घालून पहिल्यांदा खेळला तो ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप, १९७८ मध्ये, तोही वेस्ट इंडीजमध्येच. दुसरं, एका षटकात किती उसळते चेंडू टाकावेत यावर ठरावीक आकड्याची मर्यादा नव्हती. गोलंदाजी भीती घालण्यासाठी चाललीय की नाही, हे पंचांनी ठरवायचं. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. खेळाडू जायबंदी झाला तर त्याच्या जागी बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकत होता, पण फलंदाजी किंवा गोलंदाजी करू शकत नव्हता. म्हणजे अकरातला एक पडला की संघ दहाचा, दोन पडले की नऊचा.

भारताची सुरुवात उत्तम झाली. गावस्कर आणि गायकवाड यांनी सलामीला १३६ धावा जोडल्या. गावस्कर ६६ वर बाद झाला. गायकवाड उभाच. मग आखूड टप्प्याच्या चेंडूंचा मारा सुरू झाला, राउंड द विकेट, थेट अंगावर. हातांवर, छातीवर चेंडू बसत होते. प्रेक्षकांतून आरोळ्या येत होत्या. गावस्करनं पुढे ‘सनी डेज’ या आठवणींच्या पुस्तकात या कसोटीवर लिहिलं, त्या प्रकरणाच्या मथळ्यातच त्यानं या प्रकाराला रानटीपणा म्हटलं.

गायकवाड सात तासांहून जास्त वेळ खेळला. ८१ धावांवर असताना होल्डिंगचा एक चेंडू त्याच्या डाव्या कानावर आदळला. कानाच्या पडद्याला इजा झाली आणि त्याला मैदानातून रुग्णालयात न्यावं लागलं. धावफलकावर नोंद झाली: गायकवाड, जखमी निवृत्त, ८१. त्या कानावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली.

विश्वनाथ झेलबाद झाला, पण तो झेल देताना चेंडूनं त्याच्या हाताचं हाड मोडलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू बसला, टाके पडले, तोही जखमी निवृत्त. धावसंख्या ६ बाद ३०६. पुढे यायचे होते कर्णधार बिशनसिंग बेदी आणि भागवत चंद्रशेखर. दोघेही गोलंदाज, फलंदाजीत कच्चे.

आणि बेदीनं डाव घोषित केला.

मंडळी, या निर्णयाजवळ जरा थांबू या. डाव घोषित करतात ते पुरेशा धावा झाल्या म्हणून, जिंकायला वेळ मिळावा म्हणून. इथे कारण उलट होतं. आणखी दोघांना त्या माऱ्यापुढे उभं करायचं नाही, एवढंच. वेस्ट इंडीजनं ३९१ धावा केल्या. क्षेत्ररक्षण करताना बेदी आणि चंद्रशेखर यांच्याही हातांना दुखापती झाल्या. दौऱ्यावर सतरा खेळाडू होते आणि त्या सामन्यात सतराच्या सतरा जणांना कधी ना कधी क्षेत्ररक्षणाला उतरावं लागलं. सुरिंदर अमरनाथ बदली म्हणून उतरला, तर त्याला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला.

दुसऱ्या डावात मोहिंदर अमरनाथनं एकट्यानं किल्ला लढवला. वीस वर्षांचा दिलीप वेंगसरकरही त्या माऱ्याला सामोरा गेला. पण ९७ धावांवर पाचवा गडी पडला आणि भारताचा डाव तिथेच संपला. गायकवाड, विश्वनाथ, पटेल, बेदी, चंद्रशेखर, पाच नावांपुढे एकच नोंद: जखमी, अनुपस्थित. वेस्ट इंडीजला १३ धावा हव्या होत्या. त्यांनी दहा गडी राखून सामना जिंकला आणि मालिका २-१ नं घेतली.

बेदीच्या निर्णयावर खूप वाद झाला. कुणी त्याला निषेध म्हटलं, कुणी शरणागती. पण मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. गायकवाडनं मार खाल्ला हे धैर्य, यात वाद नाही. पण ‘माझे आणखी खेळाडू मी उभे करणार नाही’ असं म्हणायलाही धैर्यच लागतं, आणि त्या धैर्याला टाळ्या मिळत नाहीत. पहिल्याचं नाव गोष्टीत राहतं, दुसऱ्यावर शंका घेतली जाते. आपल्या क्रीडा-इतिहासात ‘खेळला’ची यादी लांबलचक आहे. ‘थांबवलं’ची यादी करायला बसा, बोटांवर मोजण्याइतकी नावं सापडतील.

गायकवाड पुढे काय झाला? तो परत आला. फेब्रुवारी १९७९ मध्ये कानपूरला त्यानं पहिलं कसोटी शतक केलं, आणि तेही वेस्ट इंडीजविरुद्धच. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं खेळून २०१ धावा काढल्या. त्याच वर्षी तो पुन्हा वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावरही होता. एकूण ४० कसोटी. नंतर भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत दत्ताजीराव वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले आणि त्याच वर्षी ३१ जुलैला अंशुमनही कर्करोगानं गेला. पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर त्याच्या २०१ धावांपेक्षा लोकांना किंग्स्टनच्या ८१ च जास्त आठवतात. जखमेची आठवण कामगिरीवर मात करते, ती अशी.

आता ‘निवड’ या शब्दाकडे वळू. खेळाडूनं दुखापतीसह खेळायचं निवडलं, असं आपण सहज म्हणतो. डिसेंबर १९८९, सियालकोट. वकार युनूसचा चेंडू सचिन तेंडुलकरच्या नाकावर बसला. रक्त आलं. तो बाहेर गेला नाही, ५७ धावा केल्या आणि कसोटी वाचवायला हातभार लावला. मराठी घराघरांत ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते. पण तेव्हा सचिनचं वय सोळा होतं. शाळेच्या सहलीला जायचं तर पालकांची सही लागते, त्या वयाचा मुलगा. डोक्याला मार लागल्यावर खेळायचं की नाही, हा निर्णय त्याच्यावर सोडावा का? सचिनची जिद्द खरीच. माझा प्रश्न आहे भोवतालच्या मोठ्या माणसांना. आणि त्यांनाही दोष कसा द्यावा? तेव्हा नियमच नव्हता.

मे २००२, अँटिगा. मर्व्हिन डिलनच्या चेंडूनं अनिल कुंबळेचा जबडा मोडला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी भारतात परतायचं ठरलं होतं, तरी डोक्याभोवती पट्टी बांधून त्यानं सलग १४ षटकं टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. ते चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहेच. सामना मात्र अनिर्णित राहिला. कुंबळे तेव्हा एकतीस वर्षांचा होता, अनुभवी होता. तिथे ‘त्यानं निवडलं’ हे मी मान्य करीन. तरी बदली गोलंदाज घेण्याची सोय असती, तर त्यानं काय निवडलं असतं, हा प्रश्न उरतोच. पर्याय एकच असेल तर त्याला निवड म्हणायचं का?

भिलाईच्या माणसाला हा प्रश्न सुचतो, त्याला कारण आहे. आमचं सगळं गाव पोलाद कारखान्याभोवती वाढलं. १९५९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे दत्ताजीराव ज्या वर्षी इंग्लंडला गेले त्याच वर्षी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरांत सुरक्षिततेची भाषा रोजची असते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार, अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त काळ काम करू शकत नसेल, तर व्यवस्थापकानं सरकारला कळवावं लागत असे. हात मोडलेला कामगार ‘मी तसाच भट्टीवर जातो’ म्हणाला, तर कुणी टाळ्या वाजवत नाही. त्याला घरी पाठवतात आणि त्याला कामावर सोडणाऱ्याची चौकशी होते. नियम असे का झाले? ‘माझं मला कळतं’ असं गरजवंत माणूस नेहमीच म्हणतो, हे अनुभवानं कळलं म्हणून. पगाराची गरज असते, जागा जाईल ही भीती असते, सोबत्यांसमोरची लाज असते. खेळाडूचं काय वेगळं आहे? संघातली जागा जाईल ही भीती तीच, लाजही तीच.

क्रिकेटला हे कळायला बराच वेळ लागला. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये एका फलंदाजाला एका षटकात एकच उसळता चेंडू, अशी मर्यादा आली. १९९४ मध्ये ती षटकाला दोन अशी सैल झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून गेला, हेल्मेट असूनही. त्यानंतर डोक्याच्या दुखापतीकडे सगळं क्रिकेटविश्व वेगळ्या नजरेनं पाहू लागलं. १ ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार बसून मेंदूला धक्का पोचला असेल, तर पूर्ण खेळू शकणारा बदली खेळाडू घेता येऊ लागला. त्याच महिन्यात लॉर्ड्सला स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन फलंदाजीला आला. या नियमाचं मर्म असं की निर्णय खेळाडूच्या जिद्दीवर सोडलेला नाही, तपासणी वैद्यकीय माणूस करतो. किंग्स्टनला हा नियम असता तर गायकवाडच्या जागी दुसरा फलंदाज आला असता.

पण हा नियम डोक्यापुरताच. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला ख्रिस वोक्सचा चेंडू ऋषभ पंतच्या पायावर बसला आणि हाड मोडलं. ३७ धावांवर तो जखमी निवृत्त झाला, दुसऱ्या दिवशी लंगडत परत आला आणि ५४ पर्यंत गेला. पुढच्याच कसोटीत, ओव्हलवर, त्याच वोक्सचा खांदा निखळला. ४ ऑगस्टला इंग्लंडचा शेवटचा फलंदाज म्हणून तो एक हात स्वेटरच्या आत बांधून मैदानात आला. एकही चेंडू त्याच्या वाट्याला आला नाही आणि भारत सहा धावांनी जिंकला. दोन्ही देशांच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर काही दिवसांतच भारतीय क्रिकेट मंडळानं देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांसाठी गंभीर दुखापतीतही बदली खेळाडू घेण्याचा नियम आणला. काहींना तो पटला, काहींना वाटलं यानं खेळाची मजा जाईल, संघ त्याचा गैरफायदा घेतील. गैरफायद्याची भीती खोटी नाही. पण कारखान्यातही आजारपणाच्या रजेचा गैरफायदा घेणारे असतात. म्हणून कुणी आजारपणाची रजा बंद करत नाही.

शेवटी आपल्या घरातल्या मुलांबद्दल. जुनवानीपासून नाशिकपर्यंत, बडोद्यापासून बेळगावपर्यंत सुटीच्या दिवशी मैदानं मुलांनी भरलेली असतात. तिथे ना डॉक्टर असतो, ना नियमाचं पुस्तक. तिथे चालतात त्या फक्त गोष्टी, आपण सांगितलेल्या. मुलाच्या डोक्याला चेंडू लागतो आणि कडेचा कुणीतरी म्हणतो, ‘ऊठ, सचिन नाही का उठला?’ गायकवाडची गोष्ट मुलांना जरूर सांगा. सात तासांची सांगा, ८१ धावांची सांगा. पण ती कानापाशी थांबवू नका. रुग्णालय सांगा, शस्त्रक्रिया सांगा. आणि त्याच दमात बेदीचंही नाव घ्या, ज्यानं पुढच्या दोघांना पाठवलं नाही. म्हणजे पुढच्या वेळी एखादा मुलगा डोकं धरून बसला, तर त्याच्या कर्णधाराला ‘आज तू बस, आम्ही दहा जण खेळतो’ असं म्हणणं सोपं जाईल.

आजचा भाग इथे संपवते. सगळे सांभाळून खेळा.